भावाबहिणीने मिळून युरोपात गाडीने फिरणे : सात देश घ्यावेत की एकच डोंगररांग?

वरंधा (प्रश्न)

नमस्कार. मी बेचाळीस वर्षांची आहे आणि माझा धाकटा भाऊ सदतीस वर्षांचा. आम्ही दोघेही पुण्यातच राहतो, मी सहकारनगरला आणि तो बाणेरला. पण गेली काही वर्षे वडिलांच्या आजारपणात दवाखाना, औषधे आणि पाळीपाळीने रात्रीचे जागरण यांपलीकडे आमचे एकमेकांशी बोलणेच होत नव्हते. गेल्या वर्षी वडील गेले. वर्षश्राद्ध झाले त्या संध्याकाळी भाऊच म्हणाला, "ताई, लहानपणी बाबांबरोबर गाडीने कोकणात जायचो, तसे एकदा दोघेच कुठेतरी लांब जाऊ या." त्यातून युरोपचा बेत निघाला. येत्या सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून पंधरा दिवस हाती आहेत आणि त्यांत तेरा मुक्काम बसतात.

भावाने आखलेला मार्ग असा आहे : पॅरिसला गाडी भाड्याने घ्यायची आणि ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, झुरिक असे फिरून ती पुन्हा पॅरिसलाच परत करायची. नकाशावर मोजले तर हे अंतर सव्वातीन हजार किलोमीटरच्या आसपास भरते आणि सात देश होतात. एवढा खर्च करून जायचे तर जास्तीत जास्त पाहून यावे, असे त्याचे म्हणणे आहे. मला मात्र वाटते की आपण गाडीतच बसून राहू.

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या चालकाचे नाव घातले की भाडे वाढते, म्हणून सगळी गाडी तोच चालवणार आणि मी शेजारी बसून नकाशा बघायचा, असे त्याने ठरवले आहे. लहानपणी मीच बाबांच्या शेजारी बसून रस्ता सांगत असे, हे खरे आहे. बाबांनी मला गाडी शिकवली, पण वरंधा घाट आला की ते स्टिअरिंग स्वतःकडे घेत. गेली अठरा वर्षे मी पुण्यात रोज गाडी चालवते आणि ताम्हिणी घाट स्वतः कितीतरी वेळा उतरले आहे. माझेही नाव चालक म्हणून घालावे का? ज्यांनी सख्ख्या भावंडाबरोबर असा प्रवास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मुळाकाठ

ताई, मी माझ्या धाकट्या बहिणीबरोबर असा प्रवास केला आहे आणि सुरुवातीला आमचाही आराखडा तुमच्या भावाच्या आराखड्यासारखाच होता, म्हणून सविस्तर लिहिते.

सव्वातीन हजार किलोमीटरना तेराने भागले की रोजचे अडीचशे येतात आणि ते पुणे–कोल्हापूरइतकेच वाटतात. पण हे अंतर रोज सारखे वाटले जात नाही. ॲमस्टरडॅम ते बर्लिन साधारण साडेसहाशे किलोमीटर आहे, व्हिएन्ना ते झुरिक सातशेच्या वर, झुरिक ते पॅरिस पुन्हा साडेसहाशे. म्हणजे तीन पूर्ण दिवस केवळ द्रुतगती मार्गावर जातील आणि तो मार्ग बघण्यासारखा नसतो. दोन्ही बाजूंना आवाज अडवणाऱ्या भिंती आणि पुढे मालवाहू ट्रकांची रांग असते. त्याहून मोठी अडचण अशी की तुमच्या यादीतली सगळी गावे ही महानगरे आहेत. पॅरिस, ॲमस्टरडॅम किंवा प्राग पाहताना गाडी म्हणजे निव्वळ ओझे होते. ती भुयारी वाहनतळात उभी राहते, तिचे तासांवर पैसे चढतात आणि आपण मेट्रोने फिरतो. ती शहरे पाहायची असतील तर रेल्वेने पाहावीत. गाडी तिथे घ्यावी, जिथे वाटेत थांबणे हाच प्रवास असतो.

आम्ही शेवटी आल्प्सचा पूर्वेकडचा भाग निवडला. जर्मनीतले म्युनिक, ऑस्ट्रियातले साल्झबुर्ग आणि ग्रोसग्लॉकनरचा घाटरस्ता, इटलीतले डोलोमाइट्स, व्हेनिस, स्लोव्हेनियातले ब्लेड आणि परत म्युनिक, असे हे वर्तुळ साधारण बाराशे किलोमीटरचे आहे. म्युनिक ते साल्झबुर्ग दीडशे किलोमीटरही नाही. एका दिवसात तीन-साडेतीनशेपेक्षा जास्त गाडी चालवण्याची वेळ फक्त शेवटच्या दिवशी, ब्लेडहून परतताना आली.

ग्रोसग्लॉकनरच्या रस्त्याबद्दल थोडे जास्त लिहिते, कारण माझ्या मनात तो सगळ्यांत ठसला आहे. हा रस्ता १९३५ साली खुला झाला. तो ४८ किलोमीटर लांब आहे, त्यात ३६ मोठी वळणे आहेत आणि तो अडीच हजार मीटरच्या वर चढतो. साधारण मेच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच तो उघडा असतो, त्यामुळे तुमचा सप्टेंबर योग्य आहे. मात्र सप्टेंबरातही वर बर्फ पडू शकते, म्हणून आदल्या संध्याकाळी रस्त्याची स्थिती पाहूनच निघावे. प्रत्येक वळणावर त्याचा क्रमांक आणि उंची लिहिलेली पाटी आहे. माझी बहीण गाडी चालवत होती आणि मी प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होते. विसाव्या वळणानंतर खिडकीची काच खाली केली तेव्हा आत आलेली हवा इतकी थंड होती की दोघीही बोलायच्या थांबलो. वर गेल्यावर पास्टेर्झ हिमनदी दिसते. ऑस्ट्रियातली ती सर्वांत मोठी हिमनदी आहे, पण वर्षानुवर्षे मागे सरकते आहे, आणि पूर्वी बर्फ कुठवर होते ते समोरच्या उघड्या खडकावरून स्पष्ट कळते. समोर ३७९८ मीटर उंचीचे ग्रोसग्लॉकनर शिखर उभे असते. तिथे आम्ही दोन तास बसून होतो. सात देशांच्या आराखड्यात असे दोन तास निघाले नसते.

स्लोव्हेनियातली व्हर्शिच खिंडही चुकवू नका. ती १६११ मीटर उंच आहे आणि तिच्या रस्त्यावर क्रमांक घातलेली पन्नास वळणे आहेत. क्रान्स्का गोरा गावाच्या बाजूची बरीच वळणे आजही दगडी फरसबंदीची आहेत आणि चाकांखाली त्यांचा खडखडाट ऐकू येतो. हा रस्ता पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून करून घेतला गेला आणि १९१६ साली हिमकडा कोसळून त्यांतले अनेक जण गाडले गेले. त्यांच्या स्मरणार्थ वाटेत लाकडी प्रार्थनाघर आहे. तिथे अवश्य थांबावे.

सिंहगडरोड

मार्गाबद्दल मुळाकाठ यांनी लिहिले आहे ते पटते. मी कागदपत्रे आणि गाडी याबद्दल लिहितो, कारण चुका तिथेच महाग पडतात.

पहिली गोष्ट म्हणजे दोघांचीही नावे चालक म्हणून घालावीत, याबद्दल शंका ठेवू नये. भाडेकरारात ज्याचे नाव नाही त्याने गाडी चालवली आणि काही घडले, तर विमा लागू होत नाही आणि पूर्ण नुकसान आपल्या अंगावर येते. तुमच्या भावाला वाटेत ताप आला, पाठ धरली किंवा नुसती झोप आवरेनाशी झाली, तर तुम्ही गाडी चालवणे जाणत असूनही तुम्हाला स्टिअरिंगला हात लावता येणार नाही. दुसऱ्या चालकाचे पैसे वाचवण्यासाठी एवढा धोका पत्करणे योग्य नाही.

दोघांनीही आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, म्हणजे आयडीपी, काढावा. त्याचा अर्ज परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर करता येतो. पुण्याचे आरटीओ संगम पुलाजवळ आहे. शुल्क एक हजार रुपये आहे, मुदत एक वर्षाची असते आणि कागदपत्रांत पासपोर्टची प्रत लागते. व्हिसा आधी हाती असण्याची अट २०२१ पासून नाही. हा परवाना एकटा चालत नाही. त्याच्यासोबत मूळ भारतीय परवानाही जवळ हवा. ताईंचे आडनाव लग्नानंतर बदलले असेल, तर परवाना, पासपोर्ट आणि क्रेडिट कार्ड या तिन्हींवर नाव एकसारखे आहे ना, हे आजच तपासावे.

गाडी घेताना मुख्य चालकाच्या नावाचे क्रेडिट कार्ड लागते आणि त्यावर मोठी अनामत रक्कम काही काळ अडकवून ठेवली जाते. तेवढी मर्यादा कार्डावर शिल्लक हवी आणि परदेशातील व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधीच सुरू केलेले हवेत. ज्या गावात गाडी घेतली तिथेच ती परत करावी. दुसऱ्या देशात सोडल्यास फार मोठा अधिभार लागतो. कोणकोणत्या देशांत गाडी नेणार आहात ते आरक्षण करतानाच सांगून लेखी घ्यावे. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर तसे स्पष्ट मागावे, कारण तिकडे साध्या गिअरची गाडी मिळण्याचीच शक्यता अधिक असते.

रस्त्याच्या पैशांची पद्धत प्रत्येक देशात वेगळी आहे. जर्मनीत मोटारींना टोल नाही. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियात द्रुतगती मार्गासाठी ठरावीक दिवसांचा व्हिन्येट नावाचा परवाना घ्यावा लागतो. स्लोव्हेनियात तो गाडीच्या क्रमांकावर डिजिटल स्वरूपात मिळतो, त्यामुळे गाडी ताब्यात आल्यानंतरच घ्यावा. ऑस्ट्रियाचा सीमेआधीच्या पेट्रोल पंपावर मिळतो. ग्रोसग्लॉकनरचा रस्ता, ऑस्ट्रियातला टाउअर्न मार्ग आणि ऑस्ट्रिया–स्लोव्हेनिया सीमेवरचा काराव्हांकेन बोगदा यांचे पैसे त्याशिवाय वेगळे द्यावे लागतात. इटलीत नाक्यावर तिकीट घेऊन अंतरानुसार पैसे भरायचे असतात. तिथल्या पिवळ्या खुणेच्या मार्गिका आपल्या फास्टॅगसारखे यंत्र असलेल्या गाड्यांसाठी असतात, त्यांत चुकूनही शिरू नये.

इटलीबद्दलच आणखी एक सांगतो. तिथल्या जुन्या शहरांच्या मध्यभागी झेडटीएल नावाची क्षेत्रे असतात आणि बाहेरच्या गाड्यांना तिथे ठरावीक वेळी प्रवेश नसतो. पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ आणि खाली वेळ, एवढीच खूण असते. कोणी अडवत नाही, फक्त कॅमेरा क्रमांक टिपतो. माझ्या मोठ्या भावाने आणि मी एका गावात हॉटेल शोधताना हेच क्षेत्र दोनदा ओलांडले. पुण्याला परतल्यावर बऱ्याच महिन्यांनी घरी टपाल आले : दोन वेळांचे दोन वेगळे दंड, आणि आमची माहिती पोलिसांना कळवल्याचे भाडे कंपनीचे शुल्क कार्डावरून आधीच वजा झालेले. त्या दिवशी गाडी भाऊ चालवत होता आणि पाटी मी वाचायला हवी होती. म्हणून गावात शिरण्यापूर्वी हॉटेलला दूरध्वनी करून गाडी कुठे लावायची हे विचारून घ्यावे. व्हेनिसमध्ये तर गाड्याच नाहीत. पुलाच्या अलीकडे मेस्त्रेला गाडी ठेवून रेल्वेने दहा-पंधरा मिनिटांत आत जाता येते.

इंधन स्वतः भरायचे असते. इटलीत पंपावर 'गासोलिओ' असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ डिझेल. पेट्रोलला तिथे 'बेन्झिना' म्हणतात. नावावरून गल्लत होण्याची भीती खरी आहे, म्हणून इंधनाच्या झाकणाच्या आत लिहिलेले वाचूनच नळी हातात घ्यावी.

शनिवारपेठ

मी निवृत्त आहे. माझ्या थोरल्या बंधूंबरोबर आम्ही दोघेही साठी ओलांडल्यावर असा प्रवास केला. त्यामुळे मी केवळ गाडी चालवण्याबद्दल आणि शेजारी बसण्याबद्दल लिहितो.

उतरल्या दिवशी गाडी घेऊ नये. पुण्याहून मुंबईचा विमानतळ, रात्रीचे विमान आणि सकाळी तिकडे, यानंतर माणूस जागा दिसतो पण जागा नसतो. पहिला मुक्काम म्युनिकलाच करावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ताब्यात घ्यावी.

उजवीकडून गाडी चालवणे सरळ रस्त्यावर अर्ध्या तासात अंगवळणी पडते. चुका होतात त्या पेट्रोल पंपावरून किंवा वाहनतळातून बाहेर पडताना, जेव्हा समोर दुसरी गाडी नसते आणि हात जुन्या सवयीने डावीकडे वळतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजवीकडे असते, तिकडे ती डावीकडे असते. त्यामुळे पहिले दोन दिवस वळण घेताना इंडिकेटरऐवजी वायपर सुरू होतो. गिअर उजव्या हाताने टाकायचा असतो आणि डावा हात उगाच दार चाचपत राहतो. गाडीचा मोठा भाग आपल्या उजवीकडे असल्यामुळे आपण नकळत रस्त्याच्या उजव्या कडेला सरकतो. हे चालवणाऱ्याला कळत नाही, शेजारी बसलेल्याला कळते. म्हणून शेजारच्या माणसाचे काम नकाशा पाहण्याइतके मर्यादित नसते. प्रत्येक वळणाआधी त्याने "उजवी बाजू" असे शांतपणे म्हणावे आणि चालवणाऱ्याने त्यावर नाराज होऊ नये, हा करार घरून निघतानाच करावा.

गोल चौकात प्रवाह आपल्या उलट दिशेने फिरतो आणि आत असलेल्या वाहनाला अग्रक्रम असतो, तेव्हा आधी डावीकडे पाहावे. जर्मनीत गावातल्या पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे लागते, मग तो रस्ता कितीही लहान असो. द्रुतगती मार्गावर डावी मार्गिका फक्त पुढे जाण्यापुरती वापरायची आणि लगेच उजवीकडे परतायचे. उजवीकडून ओलांडून पुढे जाणे चालत नाही. जर्मनी आणि ऑस्ट्रियात वाहतूक तुंबली की सर्वांत डावीकडच्या गाड्यांनी डाव्या कडेला आणि बाकीच्यांनी उजव्या कडेला सरकून मधून रुग्णवाहिकेसाठी वाट ठेवायची असते. आम्ही हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा रुग्णवाहिका अजून कुठे दिसतही नव्हती, तरी दोन किलोमीटरच्या रांगेत सरळ भांगासारखी वाट पडली होती. बंधूंनी गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ त्या रिकाम्या वाटेकडे पाहत राहिले.

घाट उतरताना आपला जुना नियमच उपयोगी पडतो : ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच गिअरमध्ये उतरावे. ज्यांनी ताम्हिणी उतरला आहे त्यांना आल्प्समध्ये नवीन शिकायचे फार नाही, कारण तिथे रस्ता चांगला असतो आणि समोरचा आपल्या मार्गिकेत घुसत नाही. ताई, हे मी तुमच्यासाठी मुद्दाम लिहीत आहे.

आता भावंडांविषयी. आम्ही दर दोन तासांनी, घड्याळ पाहून, जागा बदलत होतो. दमल्यावर बदलू असे ठरवले तर थोरला कधीच दमलो म्हणत नाही आणि धाकटा मागायला संकोचतो; म्हणून निर्णय घड्याळाकडे सोपवावा. पैशांसाठी दोघांनी सारखी रक्कम एका सामायिक कार्डावर भरली आणि जेवण, इंधन, वाहनतळ सगळे त्यातूनच केले, त्यामुळे पंधरा दिवसांत एकदाही हिशेबाचा विषय निघाला नाही. खोली घेताना दोन स्वतंत्र पलंगांची खोली असे स्पष्ट लिहावे, नाहीतर बहुतेक ठिकाणी एकच मोठा पलंग मिळतो. आणि रोज संध्याकाळचा एक तास दोघांनी वेगवेगळा घालवावा. आम्ही तो घालवत असू आणि जेवायला बसल्यावर एकमेकांना सांगायला काहीतरी असे.

वरंधा

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभार. काल रात्री भावाला घरी बोलावून ही सगळी उत्तरे मोठ्याने वाचून दाखवली. सव्वातीन हजार किलोमीटरचा हिशेब ऐकून तो गप्प झाला आणि करारात नाव नसलेल्या चालकाच्या विम्याचे वाचले तेव्हा त्याने स्वतःहून लॅपटॉप उघडला. आमचा नवा आराखडा असा ठरतो आहे : जाताना आणि येताना म्युनिकला एकेक मुक्काम, साल्झबुर्गला एक, ऑस्ट्रियातल्याच त्सेल आम झे या गावी दोन, डोलोमाइट्समध्ये तीन, व्हेनिसला दोन आणि ब्लेडला तीन.

एकच शंका उरली आहे. विमान म्युनिकला उतरते, मग व्हिसाचा अर्ज जर्मनीकडे करावा का? आणि आम्ही दोघे मिळून एकच अर्ज करू शकतो का?

सिंहगडरोड

नाही, अर्ज इटलीकडे करावा. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम आहे त्या देशाकडे अर्ज करायचा असतो आणि तुमचे इटलीत पाच मुक्काम आहेत. मुक्काम सारखे असतील तरच पहिला प्रवेश कुठे आहे ते पाहतात. अर्ज प्रत्येकाचा स्वतंत्र असतो. बँकेचे विवरण, प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि नोकरीचे पत्र ज्याचे त्याने जोडावे. एकाचा खर्च दुसरा करणार असेल तर तसे पत्र आणि नात्याचा पुरावा लागतो, म्हणून ज्याचा त्याने खर्च दाखवणे सोपे. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर भरतात, तेव्हा थांबू नका.

वरंधा

धन्यवाद. म्हणजे आता दोघांचेही व्हिसाचे अर्ज आणि दोघांचेही परवाने. भाडेकरारात दोन्ही नावे घालून गाडीचे आरक्षण आज सकाळी केले. दर दोन तासांनी जागा बदलायची हेही ठरले आहे, फक्त एका दिवसाचा अपवाद आम्ही ठेवला आहे. ग्रोसग्लॉकनरचा पूर्ण रस्ता, चढ आणि उतार दोन्ही, मी चालवणार आहे. हे मी मागितले नव्हते. भावानेच आराखड्यात त्या दिवसापुढे माझे नाव लिहिले आणि वळणांच्या पाट्या वाचायचे काम स्वतःकडे घेतले.